टॅली चालतंय का तेवढं सांगा

लिनक्स चांगलं की विंडोज, या वादात एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. आमच्या कोल्हापूर-इचलकरंजी पट्ट्यात लिनक्सची स्पर्धा विकतच्या विंडोजशी कधी नव्हतीच. ती होती फुकटच्या विंडोजशी. हे ध्यानात घेतलं नाही तर पुढचं सगळं बोलणं हवेत राहतं, आणि गेली पंचवीसेक वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसून तसं हवेतलं बोलणं मी पुष्कळ ऐकलं आहे, केलंही आहे.

२००० च्या आसपास असेंबल्ड मशीनचं कोटेशन कसं असायचं ते सांगतो. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड-माउस, यूपीएस. शेवटी एकूण. या यादीत ऑपरेटिंग सिस्टिम नावाची ओळच नसायची. गिऱ्हाईक उठता उठता विचारायचं, “यात विंडोज टाकून मिळणार न्हवं?” आणि बाजारातला कुठलाही दुकानदार म्हणायचा, “ते आहेच की.” त्याची किंमत काही हजारांत आहे, हे ऐकून लोक हसायचे. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि सोबत ॲक्टिव्हेशन आलं, तेव्हा वाटलं की आता हा कारभार थांबेल. पण मोठ्या कंपन्यांसाठीच्या परवान्याची एक की बाहेर फुटली होती. ती पंचवीस अक्षरं तोंडपाठ असलेली पोरं मी पाहिली आहेत. स्वतःचा पिनकोड मात्र त्यांना पाकीट बघून सांगावा लागायचा.

अशा गावात एखाद्यानं येऊन सांगितलं की ही बघा नवी सिस्टिम, हिला एक पैसा पडत नाही, तर त्याला उत्तर ठरलेलं: आमच्या विंडोजलाही पडत नाही.

मला ते सांगायला आले एका इंजिनिअरिंग कॉलेजातले सर. संध्याकाळी कॉलेज सुटलं की स्कूटर दुकानासमोर लावायची, चहा सांगायचा आणि खांद्यावरच्या पिशवीतून सीडी काढायची. पीसीक्वेस्ट मासिक तेव्हा अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायचं. आमच्याकडं लिनक्स पसरलं ते बरंचसं त्या सीडीमुळं. एका कॉलेजात एक अंक आला की त्याच्या वीस कॉप्या व्हायच्या, आणि गंमत म्हणजे ही कॉपी करणं पूर्ण कायदेशीर होतं. सर हे आवर्जून सांगायचे. हेलसिंकीतल्या एका विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये हौसेनं सुरू केलेलं काम, जीपीएल परवाना, ज्याला वाचता येईल त्यानं कोड वाचावा, बदलावा, बदललेला पुढं द्यावा. सर बोलायचे तत्त्वाचं आणि मी बोलायचो ड्रायव्हरचं.

कारण पहिली ठेच ड्रायव्हरचीच होती. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. मशीनच्या आत बसणारा स्वस्त मोडेम निम्मं काम स्वतः करायचा आणि निम्मं विंडोजकडून करून घ्यायचा. बनवणाऱ्यानं ते सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठी लिहिलेलं. लिनक्समध्ये तो मोडेम म्हणजे नुसतं हिरवं कार्ड. बाहेरून सिरिअल पोर्टला लागणारा मोडेम चालायचा, पण तो दुप्पट-तिप्पट महाग. सर म्हणायचे, “दोष लिनक्सचा नाही, मोडेम बनवणाऱ्यानं माहिती दडवली त्याचा आहे.” शंभर टक्के बरोबर. पण नेट लागत नाही म्हणून फोन यायचा तो मोडेमवाल्याला नाही, मला यायचा. पुढं हीच गोष्ट छोट्या लेझर प्रिंटरची झाली, मग स्कॅनरची, मग बोटांचे ठसे घेणाऱ्या हजेरी मशीनची, मग डिजिटल सहीच्या टोकनची. दर वेळी चार-पाच वर्षांनी लिनक्सवाले ती अडचण सोडवायचे, आणि तोवर बाजारात नवं काहीतरी आलेलं असायचं.

उबुंटू नावाचं लिनक्स आलं ते २००४ च्या ऑक्टोबरात. त्यानंतर काही वर्षं नुसता पत्ता कळवला की ते लोक परदेशातून छापील वेष्टनातल्या सीडी पोस्टानं घरपोच पाठवायचे, फुकट. आमच्या पोस्टमनला वाटायचं मला कुणीतरी नातेवाईक परदेशात आहे. पहिल्यांदाच असं झालं की सीडी घातली, काहीही इन्स्टॉल न करता मशीन चालू झालं, स्क्रीन आणि आवाज आपोआप लागला. मी सरांना म्हणालो, “आता बोला, विकू का?” त्याच आठवड्यात मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या व्यापाऱ्याकडं मी हे मशीन घेऊन गेलो. व्हायरस येत नाही, परवान्याची भानगड नाही, जुन्या मशीनवरही पळतं, असं सगळं सांगितलं. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं.

“ते काय असंल ते असू दे. टॅली चालतंय का तेवढं सांगा.”

टॅली चालत नव्हतं. टॅली विंडोजवरच चालतं. वाइन नावाची एक सोय आहे, तिच्यातून विंडोजचे काही प्रोग्रॅम लिनक्सवर ओढूनताणून चालवता येतात. पण मार्चअखेरच्या आठवड्यात व्यापाऱ्याच्या वह्यांवर असले प्रयोग करू नयेत, एवढी अक्कल मला होती. त्या दिवसापासून मी या वादाकडं वेगळ्या बाजूनं बघायला लागलो. ऑपरेटिंग सिस्टिम कोणी निवडत नाही. माणूस आपलं एक काम निवडतो, आणि त्या कामाचं सॉफ्टवेअर जिथं चालतं ती सिस्टिम त्याच्या गळ्यात पडते. आमच्या बाजारपेठेतली सिस्टिम मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या रेडमंडनं ठरवलेली नाही, टॅलीच्या बेंगळुरूनं ठरवली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, सीए लोक टॅलीचा बॅकअप मागू लागले, आणि ती गाठ आणखी आवळली.

व्यापाऱ्याची गाठ निदान समजायला सोपी. एका छापखान्यात मला जी गाठ दिसली, ती सोडवता सोडवता कैक वर्षं गेली. त्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण मराठीत लिहिणाऱ्या-छापणाऱ्या प्रत्येकाशी तिचा संबंध आहे.

छापखान्याचे मालक काका, त्यांच्या वडिलांनी खिळे जुळवून धंदा सुरू केलेला. नव्वदच्या दशकात काकांनी डीटीपी आणलं. पेजमेकर, लेझर प्रिंटर आणि मराठी फॉन्टचं एक पॅकेज. लग्नपत्रिका, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांची स्मरणिका, आणि दसऱ्याआधी दोन दिवाळी अंक. मराठी फॉन्टच्या पॅकेजला डोंगल होतं, म्हणजे मशीनच्या मागच्या पॅरलल पोर्टला लावायचं एक कुलूप. ते लावलेलं नसेल तर मराठी टाइप होणार नाही.

आता ते जुने फॉन्ट आतून कसे होते ते सांगायला हवं. त्या काळच्या प्रोग्रॅमना इंग्रजी सोडून काही कळत नव्हतं. म्हणून फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले: इथं अर्धा क, तिथं काना, पलीकडं वेलांटी. कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ. तो विशिष्ट फॉन्ट लावला तरच डोळ्यांना मराठी दिसायची. शिवाय प्रत्येक कंपनीनं तुकडे आपापल्या मर्जीनं बसवलेले, आणि एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही फरक. म्हणजे काकांच्या हार्ड डिस्कवर दहा-बारा वर्षांचे दिवाळी अंक होते खरे, पण ते मराठीत नव्हते. ते त्या फॉन्टच्या भाषेत होते. फॉन्ट गेला की अंक गेला.

देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून, अगदी पहिल्या आवृत्तीपासून आहे. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टही आला. पण एक्सपीवर युनिकोड मराठी नीट दिसायला रीजनल सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करायची, मग ते मूळ सीडी मागायचं, आणि फुकटच्या विंडोजवाल्याकडं ती नसायची. उबुंटूत मात्र ब्राउझर उघडला की मराठी वाचता यायची. सरांचा त्या वर्षांतला सगळ्यात बिनतोड मुद्दा हाच होता. रेड हॅटनं लोहित नावाचे भारतीय लिप्यांचे फॉन्ट खुल्या परवान्याखाली दिले होते. पुण्यात आणि इतरत्र बसून काही मंडळी जीनोम, केडीई, फायरफॉक्सचे मेनू मराठीत आणत होती, बहुतेक जण नोकरी सांभाळून रात्री. पैसे देऊन घेतलेल्या सिस्टिमनं मराठीची जी हयगय केली ती या फुकट्यांनी केली नाही, असं सर टेबलावर हात आपटून म्हणायचे, आणि त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

पण काकांसाठी ते उपयोगाचं नव्हतं. पेजमेकरला युनिकोड कळतच नव्हतं आणि कधी कळणारही नव्हतं. त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची. लिनक्सवरचं स्क्रायबस हे त्याच जातीचं सॉफ्टवेअर, पण त्यात मराठी जोडाक्षरं नीट बसायला आणखी पुष्कळ वर्षं लागली. मुंबईहून एखादा लेखक युनिकोडमध्ये टाइप केलेला लेख ईमेलनं पाठवायचा, आणि काकांकडच्या ऑपरेटर ताई त्याची प्रिंट काढून, शेजारी ठेवून, अख्खा लेख परत टाइप करायच्या. लेखकाला वाटायचं आपण काम सोपं केलं.

त्या ताईंचंही सांगतो. त्या गव्हर्नमेंट कमर्शिअलची परीक्षा देऊन आलेल्या, टाइपरायटरचा कीबोर्ड बोटांत बसलेला. मी एकदा लिनक्सवर इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावून दिला आणि म्हटलं, हे शास्त्रशुद्ध आहे, आठ दिवसांत हात बसेल. त्यांनी अर्धा तास प्रयत्न केला. मग म्हणाल्या, “दादा, हे शास्त्रशुद्ध असेल, पण अहवाल उद्या द्यायचाय.” दुपारी त्या परत जुन्या मशीनवर. एक डोंगल मशीनच्या पाठीला होतं, दुसरं ताईंच्या बोटांत. दुसऱ्याची कुणी किंमत धरत नाही. सरकारी कचेऱ्यांत खुली सिस्टिम आणायच्या योजना निघतात तेव्हा परवान्यांचे वाचणारे पैसे मोजतात. बोटं पुन्हा शिकवायचे पैसे कागदावर येत नाहीत.

मधल्या काळात चोरीच्या सॉफ्टवेअरवर धाडींच्या बातम्या येऊ लागल्या. काका भ्यायले आणि त्यांनी एक्सपीची डबी रीतसर विकत आणली. आमच्या गल्लीत ती बघायला लोक आले होते.

मग नव्या मशीनमधून पॅरलल पोर्टच नाहीसा झाला. डोंगल लावायचं कुठं? काकांचं पेन्टियम फोर त्यासाठी जिवंत ठेवणं हे माझं काम होऊन बसलं. फुगलेले कपॅसिटर बदलायचे, जुन्या बाजारातून आयडीई हार्ड डिस्क शोधायच्या, एसएमपीएस जोडून द्यायचे. एका मशीनवर एका छापखान्याचा सगळा इतिहास अडकलेला, आणि त्या मशीनचे सुटे भाग भंगारवाल्याकडं. शेवटी पॅकेजवाल्यांना पैसे भरून यूएसबीचं डोंगल बदलून घेतलं, आणि मी एक वेगळीच मांडणी केली. एका नव्या मशीनवर लिनक्स टाकलं. त्यात व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे मशीनच्या आत दुसरं मशीन चालवायची सोय. त्याच्या आत काकांची विकतची एक्सपी, तिच्या आत पेजमेकर, तिथं ते डोंगल. नेटशी संबंध तोडलेला. जुनी फाइल उघडायची असेल तर ती तिथं उघडते, अजूनही. रोजच्या कामाला दुसरं मशीन, विकतचं विंडोज आणि इनडिझाइन, कारण त्यात २०१२ च्या सीएस ६ पासून देवनागरी नीट जुळू लागली होती. आणि त्या इनडिझाइनमध्ये काका आज वापरतात तो ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट, मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा, खुल्या परवान्याचा, मराठी वळणाचा ल असलेला. आता या छापखान्यात कोण जिंकलं ते सरांनी सांगावं. मला तरी तिथं नुसता संसार दिसतो.

जुने अंक युनिकोडमध्ये आणायचं काम मात्र पूर्ण झालेलं नाही. कन्व्हर्टर मिळतात, फुकटही मिळतात, पण हे काम बटण दाबून होत नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना डावीकडं दिसते म्हणून अक्षराच्या आधी टाइप केलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर यावी लागते. रफाराचं बरोबर उलटं. जोडाक्षर तीन व्यंजनांचं असेल तर वेलांटी किती घरं पलीकडं न्यायची ते प्रोग्रॅमनं ओळखावं लागतं. त्यातून ओळीच्या शेवटी शब्द तोडलेला असेल, किंवा ताईंनी दिसायला बरं म्हणून तिसराच तुकडा वापरला असेल, तर ‘स्थिती’चं काहीही होतं. एक अंक बदलला की एका माणसानं तो पहिल्यापासून वाचायचा. काकांना ते परवडत नाही, संपादकांना वेळ नाही. महाराष्ट्रात अशा किती छापखान्यांत किती अंक, अहवाल, कवितासंग्रह असे पडून असतील याचा विचार मी करत नाही.

खुल्या सिस्टिमवाल्यांनी वाद घातला तो विंडोजवर. कुलूप खरं खाली, सिस्टिममध्ये नव्हतंच, वर होतं, फाइलमध्ये होतं. विंडोजवर राहूनही तुमचा मजकूर युनिकोडात, साध्या फाइलीत असेल तर तुम्ही उद्या कुठंही जाऊ शकता. आणि लिनक्सवर राहूनही तो एखाद्या बंद फॉरमॅटमध्ये असेल तर तुम्ही तितकेच अडकलेले. सरांना हे पटायला वेळ लागला. त्यांना मूळ तत्त्व महत्त्वाचं वाटतं. आणि त्यांचं बरोबर आहे, कारण युनिकोड फॉन्ट आणि ओपनडॉक्युमेंटसारखे फॉरमॅट ज्यांनी लावून धरले ती माणसं त्याच तत्त्वाची होती.

लिनक्स जिथं खरोखर रुजलं ती जागा कुणी पाहिलेली नसते. एका पतसंस्थेत काउंटरवर सगळी विंडोज मशीन. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक अपडेट दिलं; त्यानंतर परवाना नसलेल्या एक्सपीचा पडदा दर तासाला काळा व्हायचा आणि तुमची फसवणूक झाली असावी, असा संदेश यायचा. मॅनेजरांनी मला ठेवीदारांसमोरच विचारलं, “ही कुणाची फसवणूक झालीय?” त्यावर गावोगावी एकच उपाय झाला: अपडेट बंद करा. म्हणजे पडदा निळा राहिला, पण मशीनची दारं उघडी पडली. मग पेनड्राइव्हमधून फिरणारे व्हायरस आले, सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट करणारे. ते साफ करायला आम्ही दुरुस्तीवाले काय करायचो? दुकानातल्या लिनक्सच्या मशीनला पेनड्राइव्ह लावायचो. तिथं लपवलेलं सगळं दिसतं आणि व्हायरस मुका असतो. विंडोज उठेनासं झालं तर आजही मी उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून आधी डेटा काढून घेतो. विंडोजवर पोट भरणाऱ्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याच्या ड्रॉवरमध्ये एक लिनक्स असतं.

त्या पतसंस्थेत मी मागच्या खोलीत एक साधं मशीन ठेवलं, डेबियन लिनक्स आणि फाइली सामायिक करणारं सांबा टाकून. काउंटरच्या फाइली त्यावर, आणि रोज रात्री त्यांची तारीखवार कॉपी वेगळ्या डिस्कवर. त्याला मॉनिटरही नव्हता. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, त्या सोमवारी सकाळपासून मला फोन: मशीन चालू करायची की नाही? मायक्रोसॉफ्टनं त्यावरचा इलाज मार्चमध्येच दिला होता. अपडेट बंद ठेवणाऱ्यांना तो मिळालेला नव्हता. पतसंस्था त्यातून वाचली, पण पुढं एका काउंटरवर दुसराच खंडणीखोर व्हायरस ईमेलमधून आला आणि त्यानं सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरलाही कुलपं घातली. रात्रीच्या कॉपीवरून दुपारपर्यंत सगळं परत आणलं. लिनक्सनं वाचवलं, असं सर सांगत फिरले. मी म्हणतो, कॉपीनं वाचवलं. पण ती कॉपी करणारं मशीन मॉनिटरशिवाय, तक्रारीशिवाय अनेक वर्षं चाललं, हेही खरं.

शाळेची गोष्ट थोडक्यात. एका हायस्कूलला फंडातून मिळालेल्या मशीनवर आम्ही लिनक्स टाकलं. पोरांना काहीच अडचण आली नाही. टक्स पेंट उघडून त्यांनी पहिल्याच तासाला हत्ती काढले. अडचण शिक्षकांना आली, कारण त्यांनी एमएस-सीआयटी केलेलं होतं आणि त्यात स्टार्ट बटणापासून सुरुवात असते. पुढच्या वर्षी लॅबवर विंडोज आलं. केरळनं हेच काम सगळ्या सरकारी शाळांत तडीला नेलं, कारण तिथं आधी शिक्षक शिकवले, पाठ्यपुस्तक त्या सिस्टिमवर लिहिलं आणि दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षाही तिच्यावरच घेतली. नुसत्या सीडी वाटून असलं होत नाही.

जर्मनीतल्या म्युनिक शहराचं उदाहरण आम्ही दोघांनीही वापरलं आहे. २००३ मध्ये तिथल्या महापालिकेनं लिनक्सचा निर्णय घेतला, त्याआधी मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बाल्मर स्वतः महापौरांना भेटायला गेले होते. सरांनी मला पेढे दिले. २०१३ पर्यंत पंधरा हजारांच्या आसपास मशीन बदलली. २०१७ मध्ये त्याच महापालिकेनं विंडोजकडं परतायचं ठरवलं. चहा मी पाजला. २०२० मध्ये नव्या आघाडीनं पुन्हा शक्य तिथं खुल्या सॉफ्टवेअरचं धोरण धरलं. त्यानंतर म्युनिकचं नाव आमच्यात निघत नाही.

त्यापेक्षा जवळचं उदाहरण आमच्या कोर्टात आहे. ई-कोर्ट प्रकल्पात जिल्हा आणि तालुका न्यायालयांनी उबुंटू घेतलं, आणि खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली सरकारी एनआयसीच्या पुण्याच्या मंडळींनी खुल्या तंत्रावरच उभी केली. गाजावाजा नाही. तिथले क्लार्क आपण लिनक्स वापरतो असं म्हणत नाहीत. ते सीआयएस वापरतात. बाहेर वकिलांकडं विंडोज, आत उबुंटू, आणि मधून पीडीएफ ये-जा करतात. गुळाच्या शेठनी मला विचारलेला प्रश्न तिथंही लागू पडतो, फक्त उत्तर उलटं आहे. तिथलं टॅली लिनक्सवर चालतं.

आणि व्यापारी विरुद्ध खुलं ही जोडीच मुळात थोडी फसवी आहे. लिनक्सचा बहुतेक नवा कोड आज पगारी माणसं लिहितात, मोठमोठ्या कंपन्यांच्या पगारावर. रेड हॅट खुल्या सॉफ्टवेअरवर धंदा करणारी कंपनी. आयबीएमनं ती २०१९ मध्ये चौतीस अब्ज डॉलरला घेतली. पुढच्याच वर्षी डिसेंबरात जाहीर झालं की रेड हॅटच्याच कोडवरून बनणाऱ्या फुकटच्या सेंटओएस ८ ची मुदत ठरल्याप्रमाणे २०२९ पर्यंत नसून २०२१ अखेर संपेल. ज्यांनी फुकट म्हणून ते सर्व्हरवर टाकलं होतं, त्यांची धावपळ झाली. पतसंस्थेचं मशीन डेबियनवर होतं म्हणून मी निवांत होतो. खुल्या कोडचा फायदा मात्र इथंही दिसला: त्याच कोडवरून रॉकी आणि अल्मा हे दोन पर्याय काही महिन्यांत उभे राहिले. बंद सिस्टिम मालकानं गुंडाळली की ती गुंडाळलेलीच राहते.

उलट बाजूही सांगायला हवी. कोड सगळ्यांना दिसतो म्हणून सुरक्षित, हे सरांचं आवडतं वाक्य. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असणाऱ्या छोट्या भागात कुणीतरी चोरदार ठेवल्याचं उघड झालं. तो भाग सांभाळणारा स्वयंसेवक एकटा आणि थकलेला होता. मदतीच्या मिषानं दोनेक वर्षं काम करून एकानं त्याचा विश्वास मिळवला आणि दार बसवलं. ते सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं आणि तो खोदत गेला. कोड उघडा होता म्हणून त्याला खोदता आलं, हे खरंच. पण पाहणारा कुणी असेल तरच उघडेपणाला अर्थ आहे. आणि हा फ्रॉइंड नोकरीला होता मायक्रोसॉफ्टमध्ये. हे मी सरांना फोन करून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत.

सर आता निवृत्त आहेत. वाद कमी झाला आहे, कारण अर्धा मुद्दा काळानंच सोडवला. बहुतेकांच्या खिशातल्या फोनमध्ये अँड्रॉइड, म्हणजे आतून लिनक्सचाच गाभा. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले पहिले पाचशे महासंगणक सगळे लिनक्सवर. टेबलावरचं मशीन तेवढं राहिलं आहे, आणि त्यावरही बहुतेकांचं काम ब्राउझरमध्ये होतं.

पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि माझ्या दुकानात वाद पुन्हा आला आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप लागते, इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. चौथ्या-पाचव्या पिढीची, आठ जीबी रॅमची, एसएसडी टाकून पळणारी मशीन लोक भंगारात द्यायला निघाले आहेत. या वेळी फुकटचं विंडोज हा पर्याय तितका सोपा नाही. क्रॅकसोबत काय येतं ते पतसंस्थेतल्या लोकांनी पाहिलं आहे. त्यामुळं पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच लिनक्स आणि विंडोज आमच्याकडं बरोबरीच्या पट्टीवर उभे आहेत.

मी गिऱ्हाइकाला आता एवढंच सांगतो. टॅली असेल, डिजिटल सहीचं टोकन असेल, इनडिझाइन असेल, तर नवं मशीन घ्या आणि विंडोज विकत घ्या. पळवाटा शोधू नका. घरी नेट, पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास आणि यूट्यूब एवढंच असेल तर मशीन टाकू नका, त्यावर लिनक्स मिंट टाका. पेनड्राइव्हवरून काही न पुसता आधी एक दिवस चालवून बघा, प्रिंटर लागतो का ते तपासा, मग ठरवा. आणि ज्यांच्याकडं जुन्या फॉन्टमधल्या फाइली आहेत, मग ते छापखाने असोत, दिवाळी अंकांचे संपादक असोत की स्वतःची पुस्तकं स्वतः टाइप करून घेतलेले लेखक असोत, त्यांनी सिस्टिमचा निर्णय खुशाल पुढं ढकलावा, पण त्या फाइली याच वर्षी युनिकोडमध्ये करून घ्याव्यात. त्या उघडणारं मशीन अजून चालू आहे तोवरच हे काम स्वस्त आहे.